भिंतीवरची चादर

शनिवार, सहा फेब्रुवारी एकोणीसशे पासष्ट. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी दौंडच्या बाजारपेठेत, चांदभाई फ्रेमवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत चित्रांचे प्रदर्शन उघडले. रेल्वेच्या एका अधिकाऱ्याने फीत कापली. कात्री बोथट होती, दोनदा चालवावी लागली. टाळ्या झाल्या. सव्वापाचला शलमोन हिवाळे आत शिरला आणि समोरच्या भिंतीवर त्याला ती चादर दिसली.

ओळखायला वेळ लागला नाही. सात फूट लांब, चार फूट रुंद लाकडी चौकटीवर ती ताणून बसवली होती. एका टोकाला डांबर ओतले होते, त्यात नदीची वाळू आणि पोत्याचा तुकडा चिकटवला होता. मधला भाग मात्र तसाच सोडला होता. पूर्वी तिथे पांढऱ्या मांजरपाटाचा क्रूस शिवलेला असे. तो उसवून काढला होता, पण त्याच्याखाली इतकी वर्षे झाकलेले कापड विटले नव्हते, त्यामुळे करड्या पडलेल्या चादरीत आता एक काळाकुट्ट क्रूस उमटून दिसत होता. त्या क्रुसाच्या पायाशी सुपाएवढा तपकिरी डाग होता. कडेला गडद, मध्ये फिका. खाली पांढऱ्या कार्डावर लिहिले होते : रचना सात. मिश्र माध्यम. एलिया साळवे. फीत कापणाऱ्या अधिकाऱ्याची बायको चित्राजवळ गेली आणि वाकली. तिचे नाक डागापासून वीतभर अंतरावर आले. ‘‘हा तपकिरी बघा ना,’’ ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘किती सुंदर उतरलाय. नुसत्या रंगाने असा येत नाही.’’ शलमोनच्या तोंडात पाणी सुटले. ओकारी येण्याआधी सुटते तसे, कोमट आणि खारट. ते गिळून तो शेजारच्या चित्राकडे वळला. त्या चित्रात माशाचे काटे चिकटवले होते. कोणीतरी त्याच्या हातात चहाचा कप दिला. चहावर साय जमली होती. खोलीत डांबराचा, अळशीच्या तेलाचा आणि पलीकडे चुलीवर ठेवलेल्या सरसाचा वास कोंडला होता. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला तो सरस चांदभाईंच्या दुकानात बारा महिने शिजत असे. माणसे त्या वासात उभी राहून बिस्किटे खात होती.

ती शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीची चादर होती. प्रेतपेटीवर घालायची. मिशनच्या जुन्या देवळात ती पत्र्याच्या पेटीत असे आणि पेटीची किल्ली शलमोनकडे. मिशनच्या दवाखान्यात तो सव्वीस वर्षे कंपाउंडर होता, मंडळीचा वडील म्हणजे पंच होता, किल्ल्या सांभाळण्याचे काम आपोआप त्याच्याकडे आले होते. कोणी वारले की चादर निघे, घरापासून कबरस्तानापर्यंत पेटीवर राही, पेटी खड्ड्यात सोडण्याआधी चौघे जण चार कोपरे धरून ती उचलत, घडी घालत आणि ती परत पत्र्याच्या पेटीत जाई. चाळीस वर्षांत त्या चादरीखालून शिरूरचे किती ख्रिस्ती गेले हे त्याला नोंदवहीत पाहून सांगता आले असते. डागाचे मात्र वहीत पाहावे लागत नव्हते. तो डाग हेलनचा होता. हेलन त्याची बायको.

एकसष्टचा मे महिना. हेलन दौंडच्या दवाखान्यात वारली, सकाळी सात वाजता, पोटातल्या गाठीने. इलाज उरला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते. दौंडच्या सुताराने आंब्याच्या ओल्या फळ्यांची पेटी ठोकून दिली तेव्हा बारा वाजून गेले होते. कांद्याची पोती टाकून परत निघालेला ट्रक दोनला मिळाला. चादर आणायला कोणाला पाठवावे लागले नाही. हेलनची आई दयाबाई, जी शलमोनची सख्खी आत्याही होती, दोन दिवस आधी लेकीला भेटायला येतानाच, शलमोनने घरी ठेवलेल्या किल्लीने पेटी उघडून, ती पिशवीत लुगड्यांच्या खाली घालून घेऊन आली होती. तिने ती काढून पेटीवर पसरली, कोपरे सारखे केले आणि ट्रकमध्ये मागे पेटीला टेकून बसली. शलमोनने चाकावर पाय ठेवला. वर चढता चढता त्याला वास आला. कांद्याचा होता, ओल्या लाकडाचा होता आणि तिसरा एक होता. तो खाली उतरला. ‘‘मागं जागा कमी हाय,’’ तो म्हणाला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. शिरूरपर्यंत साडेतीन तास. ड्रायव्हर पानाचा तोबरा भरून आपल्या मेव्हण्याच्या लग्नाची हकिकत सांगत होता आणि शलमोन व्हय व्हय म्हणत होता. मागच्या जाळीतून एकदाच वळून पाहिले तेव्हा आत्या पेटीची कड उजव्या पंजाने धरून बसली होती. रस्त्याचे हिसके बसत होते. तिने हात काढला नव्हता. कबरस्तानात चादर उचलली तेव्हा झाकणाच्या फटीतून पाझरून खालची बाजू ओली झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती घोडनदीवर नेऊन कार्बोलिक साबणाने तीनदा धुतली. धुतली असे तो सांगत असे. खरे तर त्याने ती काठीने पाण्यात बुडवली, काठीनेच फिरवली आणि काठीवरच वाळत घातली.

याच हातांनी तो दवाखान्यात गाडीवानांच्या पायांतले किडे चिमट्याने काढत आला होता. पू, हगवण, कुजलेली बोटे यांचे त्याला काही वाटत नसे. ते परक्यांचे होते. परक्याच्या घाणीला नाव नसते, ती धुतली की संपते. हेलन अंगावर पावडर लावत असे, रविवारी केसांत अबोली घालत असे, भाकरीच्या पिठाचा हात कपाळाला पुसत असे. आणि तिचाच तो वास होता, हे त्याला चार वर्षांत गिळता आले नव्हते. वासाची घाण वाटायची, मग घाण वाटली याची घाण वाटायची. चादर काढायची वेळ आली की तो डागाची बाजू आत दुमडून ती दोन बोटांनी पुढे करी.

एलिया गर्दीतून त्याच्याकडे आला. शलमोनच्या बहिणीचा हा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, मुंबईला चित्रकला शिकून वर्षभर शिरूरला येऊन राहिलेला. दाढी वाढलेली, नखांत डांबर.

‘‘मामा, आलात! मला वाटलं न्हाई येत.’’

‘‘ही कुठनं आणली?’’

‘‘तुम्हीच दिली की.’’

‘‘पोत्यांच्या गठ्ठ्यात चुकून आली असंल.’’

‘‘गठ्ठ्यात न्हवती, मामा. वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी दिली तुम्ही. अशी.’’ एलियाने हवेत दोन बोटे धरून दाखवली. चेष्टा नव्हती, तो आठवून दाखवत होता.

‘‘कशाची हाय ठाऊक हाय ना तुला?’’

‘‘ठाऊक हाय म्हणून तर मधी हात लावला न्हाई. नुसतं काळं कापड बाजारात मिळतं.’’ मग आवाज उतरवून तो म्हणाला, ‘‘मामीचं हाय ते. मी रोज समोर बसत होतो त्याच्या. महिनाभर. तुम्ही कवा बघितलंय का नीट?’’

मुस्काटात मारावी असे शलमोनला वाटले. मारली असती तर हात त्या दाढीला लागला असता. ‘‘उतरव ती,’’ तो म्हणाला.

‘‘आता कशी उतरवू? गेली ती.’’ एलियाने कार्डाच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे बायका कपाळाला लावतात तसली एक लाल टिकली चिकटवलेली होती. विकल्या गेलेल्या चित्राला अशी टिकली लावतात, हे त्याने समजावून सांगितले. मुंबईचे एक गृहस्थ होते, त्यांनी फीत कापायच्या आधीच ती घेतली होती. प्रदर्शन बुधवारपर्यंत होते, गुरुवारी त्यांचा माणूस येऊन चित्र नेणार होता. अधिकाऱ्याच्या बायकोने एलियाला हाक मारली आणि तो तपकिरी कसा आणला असे विचारले. ‘‘मी नाही आणला,’’ एलिया पुस्तकी मराठीत म्हणाला. तिला ते फार आवडले.

दयाबाईचे शलमोनने भाच्याला सांगितले नाही. सांगितले असते तर सगळे सांगावे लागले असते. नाताळात मंडळीच्या बायकांनी काळ्या मखमलीची नवी चादर शिवली होती. शिरूरच्या मंडळीत रीत अशी, की नवी चादर आली की जुनी जाळायची नाही, कोणाला द्यायची नाही; त्यानंतर जे पहिले माणूस जाईल त्याच्या पेटीत, त्याच्या अंगावर ती घालायची आणि त्याच्याबरोबर पुरायची. तोवर पत्र्याच्या पेटीत ठेवायची. दयाबाई ब्याऐंशीची होती, पाय सुजून खांबासारखे झाले होते, डोळ्यांनी उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. जुनी चादर आपली, असे तिने नाताळच्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाकले होते. ‘‘माझ्या हेलनवरची हाय,’’ ती म्हणाली होती. ‘‘ठेवलीय, आत्या,’’ शलमोन म्हणाला होता. आणि जानेवारीत एलिया मिशनची अडगळीची खोली धुंडाळत आला. जुनी पोती, पडदे, चिंध्या काहीही चालेल, जितकं मळकं तितकं बरं, मामा. शलमोनने त्याला गठ्ठा बांधून दिला, मग देवळात जाऊन पेटी उघडली. आत्याच्या अंगावर दुसरे काळे कापड घालता येईल, पेटीचे झाकण लावल्यावर कोण उघडून बघतो, असा विचार त्याने केला होता. विचार करायला त्याला पत्र्याच्या झाकणाचा आवाज विरेपर्यंत वेळ लागला.

निघताना चांदभाई दुकानाच्या फळीवर काच कापत बसले होते. देवांच्या तसबिरी, मदिनेची चित्रे, मेलेल्यांचे फोटो, चाळीस वर्षे ते सगळ्यांना सारख्याच चौकटी करत आले होते. दर दोन महिन्यांनी मागच्या खोलीत कोणातरी पोराची चित्रे लावायची, हा त्यांचा एकटा नाद. ‘‘बसा, कंपाउंडरसाहेब,’’ ते म्हणाले. ‘‘एक इचारू का? रागवू नका. ती खिळवली मीच. पन्नासेक खिळे लागले. कापड हातात आलं आन् मला कळलं कशाचं हाय. आमच्यात बी मशिदीत असती जनाज्याची चादर. मी पोराला म्हणलं, आरं, हे बरं न्हवं. ते म्हणलं, मामानं दिलीय. मग मी म्हणलं, मामानं दिली म्हंजी बरोबरच असंल.’’

‘‘काढता येईल का?’’

‘‘माझी न्हाई ती. पोरगं व्हय म्हणलं तर आत्ता पक्कड घेतो.’’ त्यांनी काचेवरचा चुरा फुंकला. ‘‘तुमच्यात जुनी झाली की काय करतात?’’

‘‘जाळतात,’’ शलमोन म्हणाला.

रविवारी उपासनेनंतर तो दयाबाईकडे गेला. मिशनच्या कंपाउंडातल्या शेवटच्या खोलीत ती खाटेवर पडून होती. शेजारी स्टुलावर गिदोन आबा बसला होता. वय ऐंशीच्या आसपास, दम्याचा, मिशनचा जुना माळी.

‘‘या कंपाउंडर,’’ आबा म्हणाला, ‘‘आमचा निवाडा करा. म्हातारी म्हणती, जुनी चादर तिची. मी म्हणलं, लायनीत मी आधी हाय.’’

‘‘तुला नुसता खोकला हाय,’’ दयाबाई म्हणाली. ‘‘दहा वर्सं ऐकतीय. खोकून मरणारा लवकर मरत न्हाई. तू जा नव्या मखमलीत, सायबावानी.’’

‘‘मखमल टोचती म्हणं.’’

‘‘मेल्यावर काय टोचतंय तुला? जित्तेपणी बायकोचं बोलणं टोचलं न्हाई.’’

आबा हसता हसता खोकला आणि खोकता खोकता भिंतीला धरून बाहेर गेला. दयाबाईने चेहरा शलमोनच्या बाजूला वळवला. ‘‘ती चादर घिऊन ये. हात लावून बघायचीय. एका कोपऱ्याला मी रफू केलंय. हेलनच्या येळंला पेटीच्या खिळ्याला लागून फाटली व्हती. काळा दोरा न्हवता, पांढऱ्यानं केलं. दिसत न्हाई मला, पर बोटाला कळंल.’’

‘‘पेटीत हाय,’’ शलमोन म्हणाला. ‘‘उद्या आणतो.’’

त्या दुपारी त्याने दार लावून जुन्या छत्रीचे काळे कापड उसवले, धुतले, एक कोपरा ब्लेडने फाडला आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवायला बसला. दवाखान्यात जखमा शिवायची त्याला सवय होती, हात सफाईने चालत होता. कापड कोमट होते, त्याला गंजलेल्या तारांचा वास येत होता. मध्येच त्याला आपले हात दिसले. दहाही बोटे कामाला लागली होती. खोटे करायला दहा बोटे आणि खऱ्याला दोन. तरी त्याने शेवटपर्यंत शिवले आणि दोरा दाताने तोडला.

सोमवारी सकाळी दयाबाईला ग्लानी होती. त्याने कोपरा तिच्या हातात दिला. अंगठा आणि तर्जनी टाक्यांवरून एकदा गेली, परत आली, थांबली.

‘‘हे टाकं हायत,’’ ती म्हणाली. ‘‘दवाखान्यातलं. हे रफू न्हाई.’’

तिने कापड टाकले नाही, नुसते सोडून दिले. ते खाटेवरून घसरून जमिनीवर पडले. बऱ्याच वेळाने, त्याला वाटले झोप लागली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘तवा बी तू फुडंच बसलास.’’ आवाजात राग नव्हता. दिवस मोजताना माणूस वार सांगतो तसे तिने सांगितले आणि भिंतीकडे तोंड केले. चार वर्षे त्याला वाटत होते की जागा कमी होती हे तिने खरे मानले. ट्रक रिकामा होता. त्या ट्रकमध्ये आणखी दहा माणसे बसली असती. ती पेटीला टेकून एकटी बसली होती आणि जाळीतून तिला त्याची मान दिसत होती, साडेतीन तास. त्यानंतरही, पाय आणि डोळे जाईपर्यंत, तिने त्याला जेवायला वाढले होते.

अकराला त्याने पोस्टात जाऊन चांदभाईंच्या पत्त्यावर एलियाला तार केली. दयाबाई गंभीर, चादर तिची, घेऊन ये. तारेत एवढेच मावले, आणि एवढे लिहायला त्याला दोन दिवस लागले होते. रात्रभर आत्याचा श्वास घरघरत राहिला. मंगळवारी सकाळी तार पोचली की नाही या शंकेने तो टिकेना. आबाला खाटेजवळ बसवून आठच्या एस.टी.ने तो दौंडला निघाला.

साडेदहाला तो दुकानात पोचला. मागच्या खोलीत माशाचे काटे होते, वाळू होती, बाकी चित्रे जागच्या जागी होती. समोरच्या भिंतीला नुसती चौकट टेकून उभी होती. तिच्यातून भिंतीवरचा चुन्याचा पोपडा दिसत होता. खाली बशीत वाकडे झालेले खिळे गोळा करून ठेवले होते.

‘‘तार काल सांजच्याला आली,’’ चांदभाई म्हणाले. ‘‘पोरानं वाचली, खिशात घातली. बोललं न्हाई. आज मी दुकान उघडलं तवा पायरीवर बसलेलं. पक्कड मागितली. मी म्हणलं मी काढतो, तर म्हणलं, नको चाचा. एकेक खिळा काढला. डांबराकडची बाजू फाटंल म्हणून तिथं पाऊण तास लावला. गुंडाळली आन् गेलं.’’

‘‘कुठं?’’

‘‘म्हणलं न्हाई.’’

‘‘शिरूरला का मुंबईला?’’

‘‘स्टेशन आन् स्टँड, वाट कोपऱ्यापर्यंत एकच हाय, साहेब. कोपऱ्यापर्यंत मी बघितलं.’’ चांदभाईंनी खिशातून कार्ड काढून फळीवर ठेवले. रचना सात. कोपऱ्यात टिकलीचा डिंक राहिला होता, टिकली नव्हती. ‘‘हे तेवढं ठेवून गेलं. टिकली काढली, का पडली, ते न्हाई सांगता येत.’’

शलमोनने स्टेशनवर विचारले. दाढीवाली माणसे बरीच आली गेली होती. स्टँडवरच्या कंट्रोलरने सकाळच्या शिरूर गाडीत गुंडाळी घेतलेला कोणी चढल्याचे आठवत नाही, असे सांगितले; चढला नाही, असेही सांगितले नाही. शलमोन परतीच्या गाडीत बसला. न्हावऱ्याला गाडी अर्धा तास थांबली, कंडक्टरने पेरू खाल्ला. तो शिरूरला उतरला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. दयाबाई एक वाजून वीस मिनिटांनी वारली होती.

मंडळीच्या पाळकसाहेबांनी दफन बुधवारी सकाळी दहाला ठरवले. बायकांनी आंघोळ घालून पांढरे लुगडे नेसवले, पेटी आणली, आत ठेवले. झाकण उघडेच होते. ‘‘जुनी चादर काढून आणा,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘किल्ली तुमच्याकडंच आहे ना?’’

‘‘चादर देवळातल्या पेटीत नाही,’’ शलमोन म्हणाला. ‘‘मी एलियाला दिली होती. आत्याची आहे हे ठाऊक असून दिली. परत मागितलीय. आणतोय की नाही ठाऊक नाही.’’

अंगावर काय घालायचे ते सकाळी बघू, असे म्हणून पाळकसाहेब गेले. बायकाही एकेक करून उठल्या. शलमोनने स्टूल पेटीजवळ ओढले. पाच वाजता मुंग्यांची एक रांग उंबऱ्यातून आत आली, ती त्याने रॉकेलच्या बोळ्याने पुसली. सहाच्या सुमाराला वास सुरू झाला. आधी लाकडाचा, मग दुसरा. तोंडात ते कोमट पाणी सुटले. खिशात रुमाल होता. दार चार पावलांवर होते, बाहेर अंगणात वारा होता, उठून गेले तर कोणी विचारणार नव्हते, कारण विचारणारी पेटीत होती. त्याने पाणी गिळले. ते परत आले, परत गिळले. उजव्या पंजाने त्याने पेटीची कड धरली होती. रंधा नीट फिरला नव्हता, कुसळे हातात जात होती.

पावणेसातला गिदोन आबा काठी टेकत स्टँडवरून आला आणि दारातच थांबला.

‘‘सहाची आली,’’ तो म्हणाला. ‘‘सगळी माणसं उतरू दिली. एलिया न्हवता.’’

शलमोनने मान हलवली.

‘‘आजून एक हाय. सव्वासातची, दौंडवरनंच.’’ आबाला खोकला आला. तो थांबेपर्यंत त्याने दाराची चौकट धरून ठेवली. ‘‘जाऊन बसू का तिथं?’’

‘‘बसा, आबा,’’ शलमोन म्हणाला. ‘‘मी हितं हाय.’’